मर्यादित पुरुषोत्तम

आमच्या गावाचे नाव कंसाशिवाय पुरे होत नाही. सिंदी (रेल्वे). वर्धा जिल्ह्यात दुसरीही एक सिंदी आहे, वर्धा शहराला अगदी खेटून, ती सिंदी (मेघे). त्यामुळे नुसत्या ‘सिंदी’ एवढ्या पत्त्यावर टाकलेले पत्र कोणत्या सिंदीत उतरेल हे त्या पत्राच्या नशिबावर अवलंबून. ही भानगड नको म्हणून आम्ही कंसासकट जगतो. शाळेच्या दाखल्यावर कंस, सात-बारावर कंस, लग्नपत्रिकेवर कंस. मथुरेच्या लोकांना घडला नसेल इतका कंसाचा सहवास आम्हाला घडला आहे. फरक एवढाच, की आमच्या कंसाने कुणाला मारले नाही. उलट आपल्या पोटात आख्खी रेल्वे सांभाळली.

ही रेल्वे आणली जी. आय. पी. ने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही मुळात लंडनची कंपनी. १८५३ साली तिने बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धाडली आणि १८६७ साली तिचे रूळ नागपूरला पोचले. वाटेत आम्ही होतो. आमची आजी ‘जीआयपी’ हा शब्द एखाद्या माणसाचे नाव घ्यावे तसा घेत असे. "जीआयपीनं एवढे रूळ टाकले, पन त्याच्या बायकोपोराईचं पुढं काय झालं, हे कोनं इचारलं नाही," असे ती मोठ्या कळवळ्याने म्हणायची. तिच्या डोळ्यांसमोर बहुधा कुणी हॅट घातलेला, दाढीवाला, कामाचा वाघ असा गोरा गृहस्थ असावा. घरातले शिकलेले लोक यावर हसत.

हसणाऱ्यांनी कायदा वाचलेला नव्हता. आमच्या शेजारी एक वकीलसाहेब राहतात. कोर्टात त्यांना बोलायला फारसा वाव मिळत नसावा, कारण संध्याकाळी आमच्या ओसरीवर ते दिवसभराची भरपाई करतात. त्यांनी एकदा सांगितले, की आजीचे म्हणणे तंतोतंत कायद्याला धरून होते. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही व्यक्तीच. १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस ॲक्टातच म्हटले आहे, की ‘व्यक्ती’ म्हटले की त्यात कंपनी आली, माणसांची मंडळी आली, मग ती मंडळी कुठे नोंदलेली असोत वा नसोत. १९६१ च्या आयकर कायद्याने तर व्यक्तीच्या सात जाती मोजल्या: माणूस, अविभक्त हिंदू कुटुंब, कंपनी, भागीदारी पेढी, माणसांचा संघ, स्थानिक संस्था, आणि या सहांत कुठेच न बसणारी ती ‘कृत्रिम व्यक्ती’. पॅन कार्डावरचे चौथे अक्षर बघा. कंपनीला ‘सी’, कुटुंबाला ‘एच’, स्थानिक संस्थेला ‘एल’ आणि साध्या माणसाला ‘पी’. हे कळल्याबरोबर मी आत जाऊन माझे कार्ड काढून पाहिले. ‘पी’ आहे. उतारवयात अशा गोष्टीची एकदा खात्री झालेली बरी.

आमची नगर परिषदसुद्धा १९६५ च्या कायद्याने एक व्यक्ती आहे. म्हणजे गावात आम्ही सगळे राहतो आणि आम्हा सगळ्यांहून निराळी अशी आणखी एक व्यक्ती राहते, तिच्या नावावर रस्ते आहेत, दिवे आहेत, आणि तिला आजवर कुणी पाहिलेले नाही. सिंदीकराला हे पचवायला जड जात नाही. आमच्या गावाजवळ ‘ड्राय पोर्ट’, म्हणजे चक्क कोरडे बंदर, व्हायचे ठरले तेव्हाही आम्ही समुद्र कुठे आहे असे विचारले नव्हते.

पण माणसाचा जन्म आणि कंपनीचा जन्म शेजारी शेजारी ठेवून पाहिले की मला माणसाची कीव येते. आपले नाव आत्या ठेवते आणि ते गावात आणखी दहा जणांचे असते. माझ्या मास्तरकीच्या दिवसांत एका वर्गात पाच सुनील होते. एकाला हाक मारली की पाचजण गैरहजर राहत. कंपनीचे तसे नाही. तिचे नाव आधी सरकारी निबंधक तपासतो, दुसऱ्या कुणाचे असेल तर देत नाही, आणि मगच ती जन्माला येते. तिला आईबाप लागतात ते खाजगी असेल तर दोन, सार्वजनिक असेल तर सात; आणि २०१३ च्या कायद्यापासून एकाच माणसाच्या पोटीही कंपनी जन्मू शकते. सगळ्यांत मला हेवा वाटतो तो तिच्या उद्देशाचा. आपण कशासाठी जन्मलो हे कंपनी जन्मतानाच कागदावर लिहून देते. तसे कलमच असते. मी नोकरीतून निवृत्त झालो, नातवंडे शाळेत जाऊ लागली, तरी माझ्या बाबतीत ते कलम अजून कोरेच आहे.

आणि तिचे ते आडनाव! मर्यादित. आपल्याकडे मर्यादापुरुषोत्तम एकच होऊन गेला. मर्यादित पुरुष मात्र लाखांनी आहेत. त्याने मर्यादा पाळली ती वागण्यात, हे पाळतात ती देण्यात. भागधारकाने आपल्या शेअरचे पैसे भरले की त्याचे देणे संपले. कंपनी बुडाली तरी त्याच्या घरच्या पितळी भांड्याला कुणी हात लावत नाही. तेच आमच्या बाजारातला एकटा किराणावाला बुडाला तर तो घरच्या शिवणयंत्रासकट बुडतो. त्याची जबाबदारी कायद्यानेच अमर्याद. कंपनी मर्यादशील आणि माणूस अमर्याद, हा शब्दाचा न्याय तरी कुठला?

या सोयीची प्राणप्रतिष्ठा एका चांभारकामाच्या धंद्यावरून झाली. लंडनमध्ये ॲरन सॉलोमन नावाचा बूट करणारा होता. त्याने आपल्या चालत्या धंद्याची कंपनी केली. तेव्हा सात सभासद लागत. तर बायको, एक मुलगी आणि चार मुलगे यांना प्रत्येकी एक शेअर दिला आणि उरलेले २०,००१ स्वतःकडे ठेवले. पुढे कंपनी बुडाली. घेणेकरी म्हणाले, कंपनी कसली, हा सॉलोमनच! १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की नाही. सॉलोमन वेगळा आणि सॉलोमनची कंपनी वेगळी. उलट कंपनीच तारणावर त्याचे पैसे घेऊन बसलेली. द्वैत खरे की अद्वैत यावर आपल्याकडे आचार्यांनी शतकानुशतके भाष्ये लिहिली. तिकडे तो वाद बुटाच्या दुकानात मिटला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली मुंबईच्या बाचा गझदर नावाच्या बाईंना हेच उलट बाजूने समजावून सांगितले. त्यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाचे उत्पन्न बरेचसे शेतीचे, तेव्हा माझा लाभांशही तेवढ्यापुरता शेतीचाच धरा आणि कर सोडा, असे त्यांचे म्हणणे. न्यायालय म्हणाले, बाई, शेअर तुमचा, मळा तुमचा नाही. मग मळा कुणाचा? कंपनीचा. आणि कंपनी कुणाची? हा प्रश्न आला की आमचे वकीलसाहेब पान खायला उठतात.

कंपनीला मत देता येत नाही. १९६३ साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात असेही ठरले, की ती व्यक्ती असली तरी नागरिक नव्हे. लग्न तिला करता येते. त्याला विलीनीकरण म्हणतात. त्यात दोघांपैकी एकजण लग्नानंतर आपले नाव, घरदार, सामानसुमान दुसऱ्याच्या स्वाधीन करून नाहीसा होतो. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातून विचारले, "यात कंपनीचं विशेष काय?"

विशेष आहे ते मरणाचे. मी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. म्हणजे मी जिवंत आहे हे मी स्वतः जाऊन सांगतो, बोटाचा ठसा देतो, डोळा दाखवतो. यंत्राला पटले तर मी जिवंत. बोटांच्या रेषा म्हाताऱ्या माणसाच्या झिजतात, हे यंत्राला ठाऊक नसते. कंपनीलाही दरसाल हिशेब आणि विवरणपत्र भरावे लागते हे खरे. न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्या २०१७-१८ या एका वर्षात निबंधकाने पटावरून काढून टाकल्या. दोन लाख व्यक्ती गेल्या, पण कुठे सुतक नाही, तेरवी नाही, कुणाच्या घरचा पोळ्याचा सण राहिला नाही. आपल्या आपण मात्र ती मरत नाही. माणसे येतात, जातात, शेअर या हातातून त्या हातात फिरतात, कंपनी तशीच. सप्त चिरंजीवांत अश्वत्थाम्याच्या कपाळी निदान भळभळती जखम तरी आहे. या आठव्याला जखमही होत नाही.

हा विनोद आमच्या मुलखाने एकदा फार महाग विकत घेतला आहे. वर्धा नदीच्या अलीकडचा हा सारा भाग नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजीराजे डिसेंबर १८५३ मध्ये वारले. पोटी मुलगा नव्हता. राजवाड्यातल्या राण्यांनी दत्तक पुढे केला. डलहौसीने तो मानला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल विकायला निघाले. कारण काय, तर माणूस मेला आणि त्याला वारस नाही. आणि हे सांगत होते कोण? ईस्ट इंडिया कंपनी. तिला १६०० सालच्या सनदेनेच अखंड वारसा मिळालेला. तिला मूल नको, दत्तक नको, दत्तकाला मंजुरी नको. जिला कधी मरायचेच नव्हते ती, मेलेल्या माणसाला वारस का नाही, असा जाब विचारत होती! माणसांनी माणसांची राज्ये घेतली त्याला इतिहास साक्षी आहे, पण घेणाराही कधीतरी मरतो, त्याची पोरे नादान निघतात, एवढा तरी दिलासा हरणाऱ्याला असे. तोही इथे उरला नव्हता.

पुढे सत्तावनच्या धामधुमीनंतर कारभार राणीकडे गेला आणि १ जून १८७४ रोजी ती कंपनीही कायद्याने विसर्जित झाली. भोसल्यांचे घराणे नागपुरात अजून आहे. २०१० साली एका भारतीय वंशाच्या उद्योजकाने लंडनमध्ये त्या कंपनीच्या नावाने चहा-चॉकलेटचे दुकान उघडले, हे मी वाचले तेव्हा आजीची फार आठवण झाली. तिने नक्की विचारले असते, "हा तिचा कोन?"

कंपनीचे सोडा, आपला देवसुद्धा कायद्याने व्यक्ती आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदैवताची मूर्ती कुणाच्या घरी राहावी यावरून तंटा झाला. तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथल्या न्यायमूर्तींनी १९२५ साली ठरवले, की मूर्ती ही वस्तू नव्हे, व्यक्ती आहे. तिला इकडून तिकडे हलवायचे तर तिची इच्छा विचारात घ्या, आणि ती सांगायला तिचा असा एक निःपक्षपाती माणूस नेमा. अयोध्येच्या खटल्यात रामलल्ला पक्षकार होते आणि २०१९ च्या निकालात त्यांचे व्यक्तित्व मान्य झाले, ते याच वाटेने. १९६९ साली तर देवाला आयकर लागू शकतो असाही निर्णय झाला. मात्र देवाचा व्यवहार बघायला वहिवाटदार लागतो, कारण कायदा त्याला अज्ञान मुलासारखा धरतो. आमच्याकडच्या जुन्या दस्तांत ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे असतात, अज्ञान पालनकर्ता. साऱ्या जगाचा जो पालनकर्ता, त्यालाच पालनकर्ता नेमायचा, आणि जो सर्वज्ञ त्याला अज्ञान म्हणायचे, हे धाडस फक्त वकिलांना जमते.

त्या संध्याकाळी सौ. चहा घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "देव झाला, कंपनी झाली. बाई केव्हा झाली व्यक्ती?"

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. चष्मा पुसणे म्हणजे उत्तर गैरसोयीचे आहे. त्यांनी सांगितले ते असे: १९१६ साली रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेऊन वकिलीची सनद मागितली. कलकत्ता हायकोर्टाने ती नाकारली; सनद मिळण्यास पात्र जी व्यक्ती, तीत बाई येत नाही. आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी तर १८९२ सालीच ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या होत्या. बायकांना वकिलीचे दार उघडणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. आणि कॅनडातल्या सिनेटसाठी का होईना, बाई ही व्यक्ती आहे असे प्रिव्ही कौन्सिलने जाहीर केले ते १९२९ साली.

"म्हणजे मूर्तीनंतर चार वर्षांनी," सौ. म्हणाली.

"तसं म्हणता येईल," वकीलसाहेब म्हणाले.

सौ. रिकामे कप घेऊन आत गेली. कपांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्त झाला.

हा सगळा कायदेशीर फराळ आमच्या ओसरीवर इतक्या निवांतपणे चालला असता, पण थोरल्या बंधूंच्या शेतात एका वर्षी सोयाबीन उगवले नाही. दादा शेती करतात. मी शिकून मास्तर झालो आणि ते न शिकता शहाणे झाले, अशी आमच्या घरातली वाटणी आहे. त्यांनी कृषी केंद्रातून एका नामांकित कंपनीच्या बियाण्याच्या बॅगा आणल्या, पाऊस पाहून पेरणी केली. आठ दिवस झाले, बारा झाले. धुऱ्यावर उभे राहिले की काळी जमीन जशीच्या तशी. शेजारच्या वावरात हिरव्या ओळी, यांच्या वावरात मधूनच एखादे रोप, तेही चुकून आल्यासारखे.

कृषी केंद्रवाला म्हणाला, "दादा, मी फक्त इकतो. कंपनीले सांगा." कंपनीचा प्रतिनिधी मोटारसायकलवर आला. पोरगा गोड होता. त्याने माती हातात घेतली, फोटो काढले, "कंपनीला कळवतो" म्हणाला. पुढच्या वेळी दुसराच आला. तोही गोड होता, पण त्याला पहिल्याचे काही ठाऊक नव्हते. फोन लावला तर एक बाई मराठीसाठी दोन दाबा म्हणत. दोन दाबले की गाणे लागे. दादांनी दुबार पेरणी केली. पुढे तालुक्याहून समिती आली, पंचनामा झाला, आणि बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितलेले असल्याने वकीलसाहेबांनी एक कडक नोटीस लिहिली. शेवटी बियाण्याचे पैसे आणि वर थोडे, असे कंपनीने दिले. सोबत पत्र. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ खाली एक आडवी रेघ मारल्यासारखी सही आणि छापलेले शब्द: अधिकृत स्वाक्षरीकर्ता.

आम्हाला वाटले, विषय संपला. दादा ते पत्र घेऊन ओसरीवर आले. "मास्तर, हे ‘आम्ही’ म्हंजे कोन?"

मी वकीलसाहेबांकडे पाहिले. त्यांनी बारकाईने समजावले. दादांनी ऐकून घेतले आणि विचारले, "याले जेल होते का?"

वकीलसाहेब म्हणाले, होत नाही. हातपाय नाहीत तर बेड्या कुठे घालणार? पूर्वी असा वाद होता, की ज्या गुन्ह्याला तुरुंग भोगावाच लागतो त्यात कंपनीवर खटला तरी चालवायचा कसा. २००५ साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो सोडवला: खटला चालवा, तुरुंग शक्य नाही तर दंड करा. कंपनीची माणसे दोषी असतील तर ती वेगळी पकडता येतात. पण आधी नेमका कोण दोषी ते सापडले पाहिजे.

"दंड तं तो पुढच्या सालच्या बियान्यात लावन," दादा म्हणाले. मग म्हणाले, "मी पैशाचं नाही म्हनत, वकीलसाहेब. पैसे आले, ठीक झालं. पन चुकलं म्हनून कोन म्हनलं?"

इथे मला जुनी गोष्ट आठवली. वीसेक वर्षांपूर्वी बांधाशेजारच्या शेतकऱ्याची गुरे रात्री सुटली आणि दादांची आख्खी तूर खाऊन गेली. दादा काठी घेऊन निघायच्या बेतात होते. तोच तो गृहस्थ दुपट्टा हातात धरून दारात उभा राहिला. काही बोलेना. वहिनींनी चहा दिला तो कसाबसा प्यायला आणि एवढेच म्हणाला, "माह्या हातून लय वाईट झालं, दादा." नुकसानभरपाई म्हणून त्याने पैसा दिला नाही, त्याच्यापाशी नव्हताच. दादांनी काठी ठेवून दिली. पुढे त्याच्या पोरीच्या लग्नात दादा पंक्तीला पाणी वाढत होते. हिशेबाने पाहिले तर तो शेजारी दादांचा आजही देणेकरी आहे आणि कंपनीने पै न पै चुकती केली आहे. पण दादांचे ज्याच्याशी भांडण मिटले तो शेजारी. कंपनीशी ते मिटले नाही, कारण मिटवायला समोर कुणी आले नाही. मोटारसायकलवरच्या पोराला शरम वाटायचे कारण नव्हते, बियाणे त्याने केले नव्हते. सही करणाऱ्याने फक्त सही केली होती. भागधारकाला तर सिंदी नावाचे गाव आहे हेही ठाऊक नसावे. सगळे आपापल्या जागी निर्दोष आणि वावर मात्र कोरे.

वकीलसाहेबांचे म्हणणे, की या युक्तीशिवाय रेल्वे आली नसती, गिरण्या निघाल्या नसत्या; दहा हजार अनोळखी माणसांनी एकत्र पैसे घालायचे तर प्रत्येकाने घर गहाण टाकून कसे चालेल? हे मला पटते. आमच्या कंसातली रेल्वे त्यातूनच आली, आणि ती आणणाऱ्या कंपनीच्या हातून १९२५ साली कारभार सरकारने घेतल्यावरही गाड्या धावत राहिल्या. नागपूरची एम्प्रेस मिलही कंपनीच होती. जमशेटजी टाटांनी १८७४ साली ती काढली, १८७७ च्या १ जानेवारीला गिरणी सुरू झाली आणि कारभार बेझनजी मेहता या रेल्वेच्या नोकरीतून आणलेल्या माणसाकडे दिला. कामगारांना अपघाताची भरपाई द्या असा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. या गिरणीने १८८६ साली पेन्शनचा फंड आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू केली होती. त्या कंपनीलाही कायद्याने काळीज नव्हतेच. ते कुणाचे तरी उसने घेतलेले होते, आणि ज्यांचे घेतले होते त्यांची नावे कामगारांना ठाऊक होती. गिरणी २००२ साली बंद पडली.

दादांनी मात्र हा सगळा प्रश्न पोळ्याच्या पाडव्याला सोडवला. आमच्या गावचा तान्हा पोळा साऱ्या विदर्भात नावाजलेला. पोरे सजवलेले लाकडी बैल ओढत मिरवतात. काही बैल तर पोराहून मोठे असतात. घरोघरी बैलाची पूजा होते आणि पोराच्या हातावर बोजारा पडतो. दादा ओसरीवर बसून ते पाहत होते. म्हणाले, "वकीलसाहेब, समजलं मले. कंपनी म्हंजे हा बैल. पूजा याची, नाव याचं, अन् बोजारा दोरी वढनाऱ्याचा. धूर मोडला तं दोष बैलाचा. अन् बैल तं लाकडाचा!" वकीलसाहेबांनी ही व्याख्या लिहून घेतली. त्यांनी अजून ती कोर्टात वापरलेली नाही.

मागच्या महिन्यात दादांचा वाढदिवस झाला. आमच्याकडे वाढदिवस पोरांचे करतात. दादांना आपली तारीख त्या सकाळी मोबाईलवर कळली. त्याच बियाणे कंपनीचा संदेश होता: ‘प्रिय ग्राहक, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ दादा बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, याचा वाढदिवस कधी असते?"

वकीलसाहेबांनी सरकारच्या नोंदीतून कंपनीची स्थापनेची तारीख काढून दिली. योगायोगाने ती जवळच आली होती. दादा म्हणाले, त्यानं आपल्याला पाठवलं, आपण त्याला पाठवलं पाहिजे, माणुसकी आहे. पत्र लिहायला मी बसलो. मायन्यातच अडलो. श्रीमान म्हणावे तर पुरुष नाही, सौभाग्यवती म्हणावे तर कुणाशी विलीन झालेली नाही. दादांनीच सुचवले, "वयानं माह्याहून लहान आहे. चिरंजीव लिही." कायद्याच्या दृष्टीनेही याहून अचूक शब्द सापडला नसता. ‘चि. कंपनीस अनेक उत्तम आशीर्वाद’ असे लिहिले. पुढे सवयीने ‘शतायुषी हो’ येणार होते, पण वकीलसाहेबांनी हात धरला; जिला मरणच नाही तिला शंभर वर्षे देणे म्हणजे शाप, आणि त्यावर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो. तेव्हा ‘सुखी राहा, सांभाळून बियाणे दे, कधी या बाजूला आलीस तर वावर पाहायला ये’ एवढे लिहून दादांची सही घेतली. सही त्यांनी पूर्ण नावाने केली आणि खाली कंसासकट गावाचे नाव घातले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. ‘आपले पत्र मिळाले. आपली तक्रार नोंदवण्यात आली असून सात कामकाजाच्या दिवसांत तिचे निराकरण करण्यात येईल.’ खाली तक्रारीचा बारा आकडी क्रमांक होता. दादांनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मला विचारले, "वाढदिवसाचं निराकरन कसं करतीन, मास्तर?"